बुचाचा फ्लोट

बाई, तुमच्या आजोबांची गाडी म्हातारपणानं बंद पडलेली नाही.
कार्बोरेटर उघडला. आत बुचाचा फ्लोट,
त्यावरचा लाखेचा लेप सुटून तळाशी
पाकासारखा चिकटलेला,
आणि बूच पिऊन पिऊन बुडालेलं.
पंपावरच्या पेट्रोलात आता पाचात एक वाटा उसाचा.
लाख पेट्रोलला घाबरत नाही,
स्पिरिट दिसलं की पाघळते.
आमच्या बेगम पेठेतही असे दोघे-तिघे आहेत.

हिला हे चालेल का, विचारता.
थांबा, वही काढतो.

दस्तगीर उस्तादांची वही. पानं ग्रीसनं पारदर्शक झालेली,
मागच्या पानावरचं पुढून वाचता येतं.
सन त्रेचाळीस. पेट्रोलला कूपन.
डॉक्टरांच्या या फोर्डच्या पाठीला
न्हाणीघरातल्या बंबासारखा बंब बांधला,
खाली कोळसा, वर झाकण,
आणि त्या धुरावर गाडी.

‘बाभळीचा कोळसा बरा.
पळकाटीचा नको, राख फार, जाळी तुंबते.
ठिणगी पुढं घ्यावी. ह्यो गॅस आळशी हाय,
त्याला आधीच हाक मारावी लागती.
वीस घोडे होते. दहा कामावर, दहा संपावर.’

तुळजापूरच्या घाटाचं निराळं पान आहे.
टाकी सीटखाली, पेट्रोल आपल्या वजनानं वाहणार,
म्हणून टाकीचा तळ दिसला की ही गाडी
घाट उलटी चढायची, देवीकडे पाठ करून.
कोळशावर पहिल्यांदा तोंड पुढं करून चढली.
‘डॉक्टर उतरून शेजारून चालले.
डॉक्टर आधी पोचले.’

रॉकेलवरही चालवून बघितली त्यांनी.
‘आधी पेट्रोलवर तापवा, मग वळवा.
घण मारल्यागत ठोके. ऑइलात उतरतं,
ऑइल ताकागत होतं. शंभर मैलांला बदला.’
आणि मळीचं स्पिरिट, कुठून मिळवलं ते लिहिलेलं नाही:
‘थंडीत सकाळी उठत नाही. पेट्रोलचं बोंडलं पाजा.
जेटचं भोक मोठं करा, ही जास्त पिते.
पण उठली की ठोका नाही, आवाज लोण्यागत.’

पुढचं पान मी उलटत नाही सहसा.

‘रात्री बंब विझवल्याबिगर गाडी आत घेऊ नये.
दार लावू नये.
ह्या गॅसला वास नाही.’
त्याखाली नाव, मल्लू येमूल, वय पंधरा.
मग अकरा दिवस काहीच नाही.
मग बाभळीच्या कोळशाचा भाव.

मल्लू माझा थोरला चुलता.
थंडीची रात्र होती, बंबाजवळ ऊब होती,
इतकंच वडील सांगायचे. ते तेव्हा आठ वर्षांचे,
भावाचा डबा घेऊन सकाळी तेच गेले होते.
आमच्या गॅरेजला दार नाही ते बघितलंत ना.
पाने चोरीला जातात, पावसात लेथ गंजते,
कुत्री येऊन सीटवर झोपतात.
गिऱ्हाइकं म्हणतात, येमूल, शटर तरी बसव.
बसवतो म्हणतो.

तर चालेल का?
चालेल. जुन्या इंजिनाचा दाब कमी,
ज्वारीची भाकरी पचवणारं पोट ते,
काय द्याल ते खातं, नुसतं हळू चावतं.
लाख गेली, जाऊ दे. पितळी फ्लोट बसवलाय.
रबरी नळी बदललीय. सुई अर्धा आटा उघडलीय,
हातानं, कानानं, पुस्तकात नाही ते.
घाटात थोडी दमेल. तुम्हीही दमाल.

वहीत कोरी पानं आहेत अजून.
आजची नोंद तुम्हीच लिहा, माझं अक्षर वाईट.
नंतर.
आधी हँडल धरा. ठिणगीचा दांडा वर,
आणि अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, मूठ वळू नका.
ही उलटा हिसका देते,
कुठल्याही तेलावर.